बार १, शून्य एमबी: एका कार्डाला पत्ता न मिळाल्याचं प्रकरण

फोनवर मॅडमचं पहिलंच वाक्य होतं, "कार्ड डेड आलंय, आणि विकणारा परत घेत नाहीये."

इंजिनिअरिंग कॉलेजची लॅब, बजेट बेताचं. कुठल्याशा डेटा सेंटरमधून निवृत्त झालेलं, १६ जीबी मेमरीचं कंप्युट कार्ड (नुसत्या आकडेमोडीसाठीचं ग्राफिक्स कार्ड) त्यांनी सेकंडहँड घेतलं होतं. सर्व्हरसाठीचं असल्याने त्याला स्वतःचा पंखा नाही आणि मॉनिटर जोडायला एकही पोर्ट नाही. मुलांनी पुठ्ठा आणि टेप वापरून मागे एक ब्लोअर बसवला होता. ते काम मात्र झकास झालं होतं. कार्ड ज्या डेस्कटॉपमध्ये घातलं तो जुना, पण धडधाकट. रॅम १६ जीबी, वर लिनक्स.

मी पोचेपर्यंत तीन दिवस गेले होते. ड्रायव्हर चारदा काढून चारदा घातला होता. स्लॉट बदलून झाला होता. कार्डाचे सोनेरी दात खोडरबरने घासून झाले होते. शेजारच्या मशीनचा एसएमपीएसही लावून बघितला होता. शेवटच्या वर्षाचा एक मुलगा हे सगळं वहीत नीट लिहून ठेवत होता. तो म्हणाला, "दादा, लिस्टमध्ये कार्ड दिसतंय. नावसुद्धा बरोबर येतंय. मग डेड कसं असेल?"

तीन दिवसांत विचारला गेलेला कामाचा प्रश्न हा एकच. पीसीआय म्हणजे मदरबोर्डाला कार्डं जोडायची पद्धत. अशा कार्डाची ओळख त्याच्या कॉन्फिगरेशन स्पेसमध्ये असते. मूळ पीसीआयमध्ये ही जागा २५६ बाइटची, पीसीआय एक्सप्रेसमध्ये ४०९६ बाइटची. बनवणारा कोण, मॉडेल कुठलं, हे तिथे ठरलेल्या ठिकाणी लिहिलेलं असतं, आणि ते वाचायला कार्डाला मेमरीतला पत्ता लागत नाही. कितव्या बसवर, कितवं डिव्हाइस, कितवं फंक्शन एवढं सांगितलं की कार्ड उत्तर देतं. म्हणजे मस्टरवर नाव आहे, हजेरीही लागते आहे, पण वर्गात बसायला बाक नाही, अशी त्याची गत होती. एलएसपीसीआयला, म्हणजे पीसीआय उपकरणांची यादी छापणाऱ्या कमांडला, नाव दिसण्यावरून कार्डाचा फक्त जीव शाबूत आहे एवढंच कळतं.

ड्रायव्हरची तक्रार मुलांनी वाचली होती: फर्मवेअरने (म्हणजे बोर्डावरच्या बायोसने) दिलेला पत्ता चुकीचा आहे, बार १ (कार्डाच्या पत्त्याचा एक रकाना) शून्य एमबी आहे. 'शून्य एमबी' वाचून सगळ्यांनी निष्कर्ष काढला की कार्डावरची मेमरी गेली. मी त्याला म्हटलं, ड्रायव्हर शेवटी बोलतो, आधी कोण काय बोललंय ते बघू. डीमेसेज, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, कर्नलची, बूटपासूनची नोंदवही उघडून आम्ही थेट वर गेलो, पहिल्या सेकंदाच्या ओळींवर. ड्रायव्हरचा तिथे अजून पत्ताही नसतो, कर्नल नुकताच पीसीआयची मोजणी करत असतो. तिथे दोन ओळी मिळाल्या. एक ब्रिजची (कार्ड आणि मुख्य बस यांच्या मधला दुवा): बार १५, जागा नाही. दुसरी कार्डाची: बार १, जागा नाही, नेमणूक फसली. सोबत मागितलेला आकारही छापला होता, १६ जीबी, ६४ बिट, प्रीफेचेबल (आगाऊ वाचून ठेवली तरी चालेल अशी).

कार्डाच्या बाजूने काही बिघडलेलंच नव्हतं. त्याने जागा मागितली आणि कर्नलने ती नाही म्हणून सांगितलं.

मागणी मोजायची कशी

बार म्हणजे बेस ॲड्रेस रजिस्टर. साध्या पीसीआय उपकरणाला असे ६ बार असतात, प्रत्येक ३२ बिटचा. उपकरणाचे रजिस्टर किंवा त्याच्यावरची मेमरी प्रोसेसरला कुठल्या पत्त्यावर दिसायची, तो पत्ता इथे लिहायचा. लिहिला आणि कमांड रजिस्टरमधला मेमरीचा बिट चालू केला, की त्या पत्त्यावरचं वाचणं-लिहिणं रॅमकडे न जाता कार्डाकडे जातं. ६४ बिटचा पत्ता हवा असेल तर शेजारचे दोन बार मिळून एक होतात.

पण पत्ता देण्याआधी जागा किती लागणार हे कळायला हवं, आणि आकाराचा वेगळा रकानाच नाही. पीसीआय बनवणाऱ्यांनी इथे जी युक्ती केली आहे ती मला आजही आवडते. कर्नल आधी कार्डाचं मेमरी-डीकोडिंग बंद करतो, नाहीतर चाचणीच्या मधेच कार्ड भलत्याच पत्त्याला ओ देईल. मग बारमध्ये सगळे बिट १ लिहितो आणि परत वाचतो. जितकी जागा हवी तितके खालचे बिट कार्डाने शून्यावर कायमचे बांधलेले असतात, ते काही केल्या १ होत नाहीत. अगदी तळाचे ४ बिट मात्र आकाराचे नाहीत, ते माहितीचे: मेमरी की आयओ, ३२ बिट की ६४, प्रीफेचेबल आहे का.

आमच्या कार्डाचा हिशेब मी फळ्यावर मांडला. बार १ ६४ बिटचा, म्हणजे दोन रजिस्टर. दोन्हींत सगळे १ लिहिले. खालचं रजिस्टर परत वाचलं तर पत्त्याचे सगळे बिट शून्य, फक्त तळाचे माहितीचे बिट दिसतात. वरचं वाचलं तर सगळे १, पण शेवटचे दोन शून्य. म्हणजे ३२ अधिक २, असे एकूण ३४ बिट बांधलेले. २ चा ३४वा घात १७,१७,९८,६९,१८४ बाइट, म्हणजे बरोबर १६ जीबी. कार्डाची सगळीच्या सगळी मेमरी प्रोसेसरला एका खिडकीतून दिसावी, अशी या कार्डाची मागणी होती.

खालचे बिट बांधलेले असण्याचा आणखी एक अर्थ निघतो, आणि पुढे तोच महत्त्वाचा ठरला. ज्याला १६ जीबी हवी, त्याची सुरुवातही १६ च्या पटीतच व्हायला हवी. ० वर, १६ वर, ३२ वर, ४८ वर. मधे कुठे १६ जीबी सलग मोकळी असली तरी तिचा उपयोग नाही.

याच कार्डाचे आणखी दोन बार होते. बार ० फक्त १६ एमबीचा, ३२ बिट, त्यात नियंत्रणाचे रजिस्टर. बार ३ होता ३२ एमबीचा, ६४ बिट. छोट्या बार ० ला पत्ता मिळाला होता. बार ३ मात्र मोठ्या भावाबरोबर फुकट गेला. का, ते ब्रिजपाशी कळतं.

४ जीबीच्या खालची दाटी

सुपरयूजर होऊन आम्ही प्रॉक या फोल्डरमधली आयओमेम ही फाइल उघडली. साध्या युजरला तिथे नुसती शून्यं दिसतात आणि माणूस भलतीकडे भरकटतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. कर्नलने पत्त्यांच्या वाटणीची जी झाडासारखी यादी धरलेली असते ती या फाइलमध्ये छापून येते. ओळ जितकी आत सरकलेली, तितकी ती वरच्या ओळीच्या पोटातली.

वरून खाली वाचत गेलो. सुरुवातीच्या १ एमबीत १९८१ सालच्या आयबीएम पीसीची हाडं अजून तशीच आहेत. त्या ८०८८ प्रोसेसरला पत्त्याच्या २० तारा, म्हणून एकूण आवाका १ एमबी. ६४० केबीपर्यंत रॅम, त्यावर व्हिडिओ आणि रॉम. आजही ६४० केबीच्या वर ती फट आहे. पुढे जवळपास साडेतीन जीबीपर्यंत रॅम, तिच्या शेवटच्या भागात फर्मवेअरने अडवून ठेवलेले तुकडे. त्यानंतर 'पीसीआय बस ००' अशी ओळ, जेमतेम ५०० एमबीची. त्यातले २५६ एमबी बोर्डावरच्या ग्राफिक्सने आधीच घेतलेले. ६४ एमबी कॉन्फिगरेशन स्पेसच्या खिडकीला, कारण एका बसला ३२ डिव्हाइस, प्रत्येकी ८ फंक्शन, प्रत्येकी ४ केबी, आणि या बोर्डाने ६४ बसची सोय धरलेली. ४ जीबीची हद्द २० एमबीवर आली की आयओ एपिक, १९ वर एचपेट टायमर, १८ वर लोकल एपिक, हे सगळे इंटरप्ट आणि वेळ सांभाळणारे. अगदी टोकाला बायोसची रॉम. प्रोसेसर सुरू झाल्यावर पहिली सूचना ४ जीबीला १६ बाइट कमी असताना वाचतो, त्यामुळे ती जागा हलवता येत नाही.

या चाळीत १६ जीबीचं बिऱ्हाड मावायचा प्रश्नच नव्हता. ३२ बिटांचा सगळा पसाराच मुळी ४,२९,४९,६७,२९६ पत्त्यांचा, आणि कार्डाला त्याच्या चौपट हवं होतं.

ज्यांनी २००७-०८ च्या सुमारास हौसेने ४ जीबी रॅम घालून विंडोज एक्सपीत सव्वातीन जीबी बघितली असेल, आणि दुकानदाराशी भांडले असतील, त्यांनी हीच दाटी दुसऱ्या बाजूने पाहिली आहे. तिथे उपकरणांनी रॅमचे पत्ते खाल्ले होते. नंतरच्या चिपसेटनी खाल्लेली रॅम ४ जीबीच्या वर नेऊन लावायची सोय केली. आमच्या मशीनची वरची रॅम तशीच चढलेली होती, तिचं शेपूट साडेसोळा जीबीच्या आसपास संपत होतं.

आता ब्रिज. कार्ड थेट मुख्य बसवर नसतं, मधे ब्रिज असतो, आणि आपल्यामागे कुठले पत्ते सोडायचे याच्या खिडक्या त्याच्याकडे असतात. एक आयओची, एक साध्या मेमरीची, एक प्रीफेचेबल मेमरीची. साध्या मेमरीची खिडकी ३२ बिटचीच असते, ती ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही. वर जाता येतं ते फक्त प्रीफेचेबल खिडकीला. म्हणून एनव्हीएमई डिस्कचा १६ केबीचा बार कागदावर ६४ बिटचा असला, तरी प्रीफेचेबल नसेल तर ब्रिजमागे तो खालच्या दाटीतच राहतो. लॉगमधला 'बार १५' म्हणजे ही प्रीफेचेबल खिडकी. ब्रिजला खरे बार दोनच, पण कर्नल आपल्या हिशेबात खिडक्यांनाही पुढचे क्रमांक देतो. नवे कर्नल सरळ 'ब्रिज विंडो' लिहितात, ते बरं झालं. बार १ आणि बार ३ मिळून खिडकी १६ जीबी आणि वर ३२ एमबीची व्हायला हवी होती. खिडकीच उघडली नाही, मग तिच्यातून जाणारा ३२ एमबीचा बार ३ कुठून जाणार?

कर्नलच्या हातात किती

मुलाने तोवर फोनवर शोधून एक उपाय काढला होता. "दादा, बूट लाइनमध्ये पीसीआय इक्वल टू रीअलॉक टाकायचं असं बऱ्याच जणांनी लिहिलंय." बूट लाइन म्हणजे कर्नलला सुरू होताना दिलेल्या सूचना. तिथे टाकून बघितलं. काही फरक नाही, जागा नाही म्हणून त्याच ओळी पुन्हा.

रीअलॉकने कर्नल फर्मवेअरने आखलेल्या ब्रिजच्या खिडक्या मोडतो आणि नव्याने आखतो. एका गटातले बांध सरकवण्यासारखं ते आहे. पण गटाचा सातबारा कर्नल लिहीत नाही, तो फर्मवेअर लिहून देतं. एसीपीआयच्या टेबलमध्ये, म्हणजे फर्मवेअर कर्नलला हार्डवेअरची माहिती देतं तिथे, मुख्य ब्रिजच्या नावाने सीआरएस नावाची नोंद असते: अमुक ते अमुक पत्ते पीसीआयकडे जातात. साधारण २००८ नंतरच्या बायोसचं म्हणणं लिनक्स या बाबतीत प्रमाण मानतं. डीमेसेजमध्ये 'रूट बस रिसोर्स' अशा ओळी येतात, त्या याच नोंदी. आमच्याकडे मेमरीच्या जेवढ्या ओळी होत्या त्या सगळ्या ४ जीबीच्या खालच्या. मुळात वरची जमीनच नावावर नव्हती, मग बांध कितीही सरकवा.

कर्नल डिव्हाइसना पत्ते देतो, असं आपण सरसकट म्हणतो. पीसीवर बहुतेक वेळा तो फर्मवेअरने दिलेले पत्ते तपासतो आणि तसेच ठेवतो, कमीजास्त असेल तर दिलेल्या हद्दीत दुरुस्त करतो. रास्पबेरी पायसारख्या बोर्डावर तर चिपमधल्या उपकरणांचे पत्ते सिलिकॉनमध्येच ठरलेले, कर्नल ते डिव्हाइस ट्रीमधून, म्हणजे उपकरणांच्या तयार यादीतून, वाचतो. आणि पीसीआयच्या आधीच्या काळात ही वाटणी माणूस करायचा. साउंड कार्डाचे जंपर लावायचे आणि ऑटोएक्झेकमध्ये 'ए२२० आय५ डी१' लिहायचं, हे ज्यांना अजून तोंडपाठ आहे त्यांच्या वयाचा अंदाज घ्यायला वेगळं काही विचारावं लागत नाही. १९९२ मध्ये पीसीआय आलं आणि ती कटकट गेली.

निदान पक्कं करायला एकच प्रयोग केला. रीअलॉक काढून नोसीआरएस टाकलं. याने कर्नल फर्मवेअरची ती नोंद धुडकावतो आणि प्रोसेसरच्या आवाक्यातला, दुसऱ्या कुणी न घेतलेला सगळा पत्ता मोकळा धरतो. आवाका किती, ते सीपीयूइन्फोमध्ये दिसतं: या प्रोसेसरचे भौतिक पत्त्याचे बिट ३९, म्हणजे ५१२ जीबी.

मशीन उठलं. बार १ ला पत्ता मिळाला होता, सुरुवात बरोबर ३२ जीबीवर. मी मुलाला विचारलं, १६ वर का नाही बसलं? त्याने फळ्याकडे बघितलं, आयओमेमकडे बघितलं, आणि म्हणाला, "रॅमचं शेपूट." साडेसोळापर्यंत रॅम, म्हणून १६ चा पट गेला. पुढचा पट ३२. ड्रायव्हर चढला, १६ जीबी दिसली. मॅडम म्हणाल्या, "झालं की मग! राहू द्या असंच."

मी नको म्हटलं. कर्नलच्या कागदपत्रांतच नोसीआरएसपुढे लिहिलंय की हे वापरावं लागत असेल तर बग कळवा. म्हणजे बनवणाऱ्यांच्या लेखी ते अडचणीचं लक्षण आहे, इलाज नाही. फर्मवेअरने कुठलासा पत्ता स्वतःसाठी राखून ठेवला असेल आणि दुसरीकडे कुठे नोंदवला नसेल, तर कर्नल तो मोकळा समजून कुणाला तरी देऊन टाकेल. तसं झालं तर बिघाड आज दिसणार नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री दिसेल, आणि तेव्हा तो कार्डाचा वाटेल, डिस्कचा वाटेल, कशाचाही वाटेल.

बायोसमधली एक ओळ

खरा इलाज फर्मवेअरमध्ये होता. बहुतेक बोर्डांवर त्याचं नाव 'अबव्ह ४जी डीकोडिंग'. तो चालू केला की फर्मवेअर मोठे ६४ बिट बार ४ जीबीच्या वर नेतं आणि सीआरएसमध्ये वरच्या पत्त्यांची नोंद करतं. आमच्या बोर्डाच्या मेनूत तो नव्हताच. बायोसची नवी आवृत्ती घातल्यावर उगवला. पण चालू केला तरी लॉगमध्ये बदल नाही. तासभर घोळ घातल्यावर कळलं की या बोर्डावर सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करायची सोय, चालू असेल तर हा पर्याय नुसता चालू दिसतो, लागू होत नाही. सीएसएम बंद केलं, तर लिनक्सच उठेना, कारण डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने लावलेली. शेवटी मुलांचा डेटा बाहेर काढून यूईएफआय या नव्या बूट पद्धतीने पुन्हा इन्स्टॉल केलं. सगळ्या प्रकरणातला सर्वाधिक वेळ, संध्याकाळी साडेसहापर्यंतचा, या एका भागात गेला, आणि त्यात शिकण्यासारखं फारसं काही नव्हतं.

नंतरचा डीमेसेज मात्र बघण्यासारखा होता. रूट बस रिसोर्समध्ये नवी ओळ, ४ जीबीच्या वरची. ब्रिजची प्रीफेचेबल खिडकी उघडलेली, तिच्या पोटात बार १ आणि बार ३. बार ० जुन्या जागी, खालीच. बूट लाइनमध्ये एकही जादा शब्द नाही.

मुलाचा शेवटचा प्रश्न चांगला होता. बारमध्ये ३२ जीबीचा पत्ता आहे, तर सी प्रोग्रॅममधून तिथे पॉइंटर रोखला तर कार्डाची मेमरी वाचता येईल का? नाही. बारमधला पत्ता भौतिक. ड्रायव्हर आधी ती जागा कर्नलकडून आपल्या नावावर करून घेतो, म्हणजे दुसरा ड्रायव्हर तिथे हात घालत नाही, आणि मग आयओरीमॅपने तिला कर्नलचा आभासी पत्ता जोडून घेतो. त्यातही फरक असतो. नियंत्रणाच्या रजिस्टरवरचं लिहिणं कॅशमध्ये थांबलं तर कार्डापर्यंत आज्ञाच पोचणार नाही, म्हणून बार ० कॅशविना जोडतात. कार्डाच्या मेमरीत भराभर डेटा ओतायचा असतो, म्हणून तिथे राइट कंबाइनिंग, म्हणजे छोटी लिहिणी गोळा करून एकदम पाठवायची.

त्याला आणखी एक गोष्ट दाखवली. घरगुती ग्राफिक्स कार्डांनी बरीच वर्षं २५६ एमबीची खिडकी ठेवली आणि मोठी मेमरी त्यातून तुकड्यातुकड्याने दाखवली, ती याच दाटीमुळे. रिसाइझेबल बार २००८ मध्येच पीसीआय एक्सप्रेसच्या नियमांत आला. त्यात कार्ड आपल्याला चालणारे आकार सांगतं आणि त्यातला एक निवडता येतो. पण वरच्या पत्त्यांची सोय असलेले बोर्ड घरोघर पोचेपर्यंत तो कागदावरच राहिला. आमच्या सर्व्हरच्या कार्डाने तडजोड ठेवलेली नव्हती. सगळं द्या, नाहीतर शून्य एमबी.

पावसाळ्यात परत फोन आला. "तेच झालंय, बार १ शून्य." लाइट सारखी जात होती, आणि बायोसची सेटिंग जपणारी, मशीनच्या वयाची सीमॉस बॅटरी संपली होती. बायोस मूळ सेटिंगवर गेला होता, अबव्ह ४जी बंद. या वेळी फोन मॅडमनी नाही, त्या मुलाच्या ज्युनिअरने केला होता, आणि माझं उत्तर यायच्या आत तोच म्हणाला, "थांबा दादा, कॅबिनेटवर चिठ्ठी आहे." चिठ्ठीवर वहीतल्याच अक्षरात लिहिलं होतं: घड्याळ २०१४ दाखवत असेल तर सीआर२०३२ बॅटरी बदला, मग बायोसमध्ये सीएसएम बंद, अबव्ह ४जी चालू, याच क्रमाने. कार्डाला हात लावू नका.